मटकीची ताटली

रोहिणी देवकाते उजनीच्या काठावरच्या एका गावात विज्ञान शिकवायच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या बाई. आपल्या वर्गानं शाळेचं नाव काढावं, ही त्यांना भारी हौस.

१९९५ साली इंदापूरला विज्ञान प्रदर्शन होतं. आठवीतल्या सुप्रियानं प्रयोग मांडला. उसाला पाणी देऊन देऊन तिच्या वडिलांचं रान खारवट झालेलं. तिनं दोन ताटल्यांत माती घालून मटकी पेरली. एकीला धरणाचं गोडं पाणी, दुसरीला विहिरीचं खारं. गोड्या पाण्यातली तरारेल, असा तिचा अंदाज. झालं भलतंच. खाऱ्यातली थोडी उगवली, गोड्यातली सगळी कुजली.

प्रदर्शनाच्या सकाळी रोहिणीबाईंनी घरून मोड आलेली मटकी आणली आणि सुप्रियाच्या देखत गोड्या पाण्याच्या ताटलीत खोचली.

"बाई, ही हितं उगवलेली न्हाय."

"कोण विचारतंय? उगवली म्हणायचं."

परीक्षकांनी विचारलंच. सुप्रियानं मान खाली घातली. शेवटी बाईच म्हणाल्या, "आठवड्यात उगवली, सर."

परीक्षकांनी एक मोड अलगद उचलला. मुळाला मातीचा कण नव्हता. तो परत ठेवून ते हळूच म्हणाले, "बाई, फसलेला प्रयोग आणला असता तर मी तिच्याशी तासभर बोललो असतो."

परतीच्या एसटीत सुप्रिया दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बाईंना तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गापुढं सांगितलं, "ताटलीत घरची मटकी मी खोचली. सुप्रियाचा त्यात काही दोष नाही." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं बाईंना वाटलं.

मग दोघींनी मटकी का कुजली ते शोधलं.

"गोडं पाणी चांगलं म्हणून मी जास्तच घालत हुते," सुप्रिया म्हणाली. ताटलीला भोकही नव्हतं. पाणी साचून राहिलं होतं. या वेळी तिनं भोकं पाडलेले डबे घेतले, पाणी दोन्हीकडं मापून घातलं. गोड्या पाण्यातली मटकी उगवली, खाऱ्यातली खुरटली.

"छान केलंस," बाई म्हणाल्या.

सुप्रियानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "खरंच छान हाय, का उगं म्हणताय?"

बाईंचे कान तापले. राग मात्र आला नाही. असं विचारायची पाळी तिच्यावर आपणच आणली, हे त्यांना कळत होतं. त्या खाली वाकल्या, डबे नीट पाहिले.

"पाणी बरोबर आहे. पण या डब्यात माती कमी भरलीस. तेवढं चुकलंय."

सुप्रियानं डबा हातात घेऊन पाहिला. "व्हय की," ती म्हणाली, आणि माती आणायला गेली. बाई तशाच वाकून पुढचा डबा तपासू लागल्या.