रिकामे थांबे

डेपोत त्यांना सगळे सेकंदराव म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं बस चालवली, पण थांब्यावरून सुटायला कधी अर्ध्या मिनिटाचा उशीर नाही. निवृत्त झाल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, निदान पाय मोकळे करतात. सेकंदराव दुपारचं जेवण उरकलं की खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बस चालवण्याचा गेम लावून बसत. कॉम्प्युटर मुलीच्या कॉलेजच्या दिवसांतला. त्याचा पंखा असा घरघरायचा की आतून बायको म्हणायची, "अहो, गाडी चढाला लागली वाटतं."

त्या जुन्या यंत्राला गेम झेपत नव्हता. बस झटके खायची, मधेच रस्ता थिजायचा. जावई कॉम्प्युटर दुरुस्तीच्याच धंद्यातला. त्याने यंत्रावरचा भार कमी करायला गेममधल्या एकेक गोष्टी बंद करून टाकल्या. आधी सावल्या गेल्या, मग झाडांची पानं, शेवटी माणसं. आता थांबे होते, बाकं होती, माणूस एकही नव्हता. सेकंदराव प्रत्येक थांब्यावर गाडी लावत, दार उघडत, घड्याळ बघून बंद करत. फेरी संपली की पडद्यावर आकडा उमटे. शंभरपैकी शंभर.

एका रविवारी जावई गिऱ्हाइकाकडचं उतरवलेलं, पण धडधाकट ग्राफिक्स कार्ड घेऊन आला.

"बाबा, पडद्यावर चित्र उमटवायचं काम याचं. तुमच्यातलं दमलंय. हे बसवलं की सगळं दिसेल, माणसंसुद्धा."

"विचार करून सांगतो."

"फुकट मिळतंय, त्यात विचार कसला?"

"जावईबापू, फुकट तर सल्लाही मिळतो."

कार्ड फडताळावर आठ दिवस पडून राहिलं. बायको त्यावरची धूळ झटके आणि जागच्या जागी ठेवी. नवव्या दिवशी म्हणाली, "बसवून घ्या की. रोज मोकळी गाडी कसली फिरवता?"

"मोकळ्या गाडीतून तक्रार येत नाही."

तक्रार एकदाच आली होती, सहा वर्षांपूर्वी. हातात दवाखान्याची फाईल धरून एक बाई बसमागे धावत आली होती. तिने तळहाताने पत्रा बडवला, पण गाडी सुटली. पुढची बस तासाने होती. ती दवाखान्यात पोचली तेव्हा तिचा नवरा गेला होता. डेपोत येऊन तिने आरडाओरडा केला नाही. साहेबांना एवढंच विचारलं, "त्यांनी आरशात बघितलं होतं का?" सेकंदरावांनी जबाबात लिहून दिलं, दिसली नाही. साहेबांनी मान्य केलं, तरी त्यांना मार्गावरून काढून गाड्या धुण्याच्या कामावर टाकलं. उरलेली दोन वर्षं त्यांनी पाण्याची नळी धरली. "माझं काही चुकलेलं नसताना," असं ते येईल त्याला ऐकवत. बायकोने मात्र तेव्हापासून रोज देवापुढे हात जोडले होते, की यांच्या हातून नकळत घडलं, पदरात घे.

"त्या बाईला भिता होय?" ती हळूच म्हणाली.

"मी कशाला भिऊ? बोलवा जावयाला."

जावयाने कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुनं कार्ड धुळीच्या गोळ्यासकट उपसलं, नवं बसवलं. बस लोण्यावरून चालावी तशी चालू लागली. थांब्यांवर माणसं उभी होती. कुणी छत्री घेतलेलं, कुणी पेपर वाचत. बायको पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "बाई बाई, किती खरं दिसतंय."

तिसऱ्या थांब्यावर माणसं चढली, वेळ झाली. दार मात्र बंद होईना.

"बाबा, सोडा की आता."

"थांबा. येतेय एक."

"कुठेय?"

सेकंदरावांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आरशाकडे बोट केलं. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक आकृती हलत होती. ती मोठी होत गेली. पिशवी घेतलेली बाई धावत दारापाशी आली, दारावरून तशीच पुढे गेली आणि कोपऱ्यावर वळली.

जावई हसला. "ती प्रवासी नाहीच, बाबा. रस्ता भरलेला दिसावा म्हणून फिरवत ठेवतात असली माणसं. दिवसभर उभे राहिलात तरी चढणार नाही."

फेरीचा आकडा आला. शंभरपैकी एकसष्ट. उशीर.

सेकंदराव जावयाकडे वळले. "काढा हे. जुनंच बसवा."

"अहो, पण चांगलं चाललंय."

"बसवा म्हणतो ना."

बायको अजून पडद्यावरच्या त्या आरशाकडे बघत होती.

"केवढीशी होती," ती म्हणाली. "आम्हा दोघांना दिसली नाही. तुम्हाला दिसली."

सेकंदराव खुर्चीवरून उठले. जावयाला वाटलं त्यांच्या नजरेचं कौतुक चाललंय. "अठ्ठावीस वर्षांची सवय आहे, आई," तो स्क्रू पिळत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पंखा घरघरू लागला. बायको आत भांडी पुसत होती. ती चढाबद्दल काही म्हणाली नाही. संध्याकाळी देवापुढे बसली, हात जोडले, आणि त्यांच्यासाठी रोज जे मागायची ते आज तिच्या तोंडून निघेना.