पत्र्यावरची सुकेळी

आमच्या वटार गावच्या घरी दरवर्षी सुकेळी व्हायची. राजेळी केळी पिकवून सोलायची, मांडवावर चटई टाकून उन्हात वाळवायची, दुपारी एकेक हाताने उलटवायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळायची. असं सहा-सात दिवस. हे सगळं सासूबाई करायच्या. मी उमेळ्याच्या मास्तरांची मुलगी, मुंबईत ऑफिसात नोकरी करणारी. मला सुकेळी फक्त खाता यायची.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सासूबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. घड तर पिकायला लागलेले. त्या म्हणाल्या, "राहू दे या वर्षी. आणि एकदा राहिलं की राहिलंच. अर्ध्या गावाने सोडलंय, आपणही सोडू. करणार कोण?"

त्या 'कोण'चा मला असा राग आला! "कोण म्हणजे? मी करते," म्हणाले आणि आठ दिवसांची रजा टाकली.

तीन दिवस नीट गेले. चौथ्या दिवशी माझ्यातली ऑफिसवाली जागी झाली. पंपाच्या खोलीवरचा पत्रा दुपारी असा तापायचा की हात लावता येत नसे. म्हटलं, चटईवर कशाला रखडायचं? एका दिवसात काम फत्ते! सगळी केळी पत्र्यावर नेऊन मांडली. संध्याकाळी काय रंग आला होता म्हणून सांगू! परात घेऊन मिरवत सासूबाईंपुढे गेले.

त्यांनी डाव्या हाताने एक उचललं, अंगठ्याने दाबलं आणि मोडलं. वर कडक पापुद्रा धरला होता आणि आत पांढरा, आंबूस वासाचा गर.

"वरून शहाणी, आतून कच्ची," त्या म्हणाल्या. "केळ्यांबद्दल बोलतेय हो मी." मग आमच्या बोलीत आणखी दोन शब्द बोलल्या. ते कागदावर उतरवण्यासारखे नाहीत. सगळा माल गुरांपुढे गेला.

विहिरीवर बसून मी भरपूर रडले. आधी त्यांच्यावर चिडले, मग पत्र्यावर, आणि कोणी उरलंच नाही तेव्हा स्वतःवर. सगळीकडे मी हेच तर करत होते! रविवारी चर्चमध्ये मिस्साला उभी असायचे आणि डोक्यात सोमवारच्या डब्याची भाजी. मुलीला भरवताना नजर घड्याळावर. ती काहीतरी सांगायची, मी 'हो हो' म्हणायचे, काय सांगितलं ते देवालाच ठाऊक. सगळं झटपट उरकत होते आणि त्याला हुशारी म्हणत होते. लाज वाटली मला, खरंच.

अजून सहा घड पेंढ्यात पिकत होते. मी रजा वाढवली. ऑफिसातून तार आली, ताबडतोब हजर व्हा. वाचली, घडी घालून कपाटात ठेवली आणि केळी उलटवायला गेले.

यावेळी पत्र्याकडे बघितलंही नाही. एकेक केळं हातात घेत होते, कुठे मऊ आहे, कुठे ओल आहे, बोटांनी बघत होते. मुलगी शेजारी बसून बडबडायची. तिच्या वर्गातल्या भांडणाची सगळी हकिकत मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. सातव्या दिवशी सुकेळी मधासारखी झाली होती, तरी मी आणखी एक दिवस थांबले. सांगायला कसली लाज? आयुष्यात कुठल्या कामाचा इतका अभिमान वाटला नाही मला. पुढे ऑफिसात बढती मिळाली, तीही याच्यापुढे फिकी.

दरवर्षी आमची सुकेळी घेणारा आगाशीचा व्यापारी आला. त्याने एक दाबलं, वास घेतला, खाल्लं. "वा मावशी! हात मोडला तरी माल तोच!"

सासूबाई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. गावात त्यांचंच नाव होतं.

"माझा हात गळ्यात बांधलाय, दिसत नाही का तुला?" त्या कडाडल्या. "हा हिचा माल आहे. पुढच्या वर्षी मला विचारू नकोस, हिला विचार." आणि उठून आत गेल्या.

व्यापारी माझ्याकडे वळला. "मग बाई, पुढच्या वर्षी किती घडांची करणार?"

"बारा!" मी म्हणाले. शेजारच्या वाडीतही ऐकू गेलं असेल.