ठरावात नसलेलं शेपूट

बाळांनो,

परवा धाकटीने पुस्तक कॅमेऱ्याला इतकं चिकटवून धरलं की मला नुसता पांढरा रंग दिसला. त्या रंगामागून आवाज आला, "आजी, ह्या सशाला म्हशीचं शेपूट का आहे?" थोरला म्हणाला, "आणि तो दूध देतो." मागे तुमचा बाबा हसला, मग त्याला कसलीशी मीटिंग आठवली आणि फोन बंद झाला.

प्रश्न चांगला आहे. तो बाबावर सोपवला तर दोन वाक्यांत, तीही इंग्रजीत, काहीतरी सांगून तो मोकळा होईल. म्हणून मीच लिहिते आहे, आणि आत्ताच, कारण धाकटीचे प्रश्न फार दिवस टिकत नाहीत. थोरल्याने वाचून दाखवावं. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही जरा सराव होईल.

पुस्तकातला ससा मुळात म्हैस होता. ती म्हैस तुम्ही पाहिली आहे. गेल्या खेपेला तुम्ही धारवाडहून परत निघालात तेव्हा आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती रस्त्यात बसली होती. गाडीत सामान, मागे तुम्ही, पुढे तुमचा बाबा फोनवर कोणाला तरी "फाइव्ह मिनिट्स, फाइव्ह मिनिट्स" सांगत होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. म्हशीने एक कान हलवला. ड्रायव्हर उतरून कन्नडमध्ये तिची समजूत घालायला लागला, "एळव्वा तायी, एळ." ऊठ गं आई, ऊठ. म्हशीने त्याच्याकडे पाहिलं आणि जबडा बाजूला सरकवून रवंथ चालू ठेवला. बाबाने काच खाली करून इंग्रजीत काहीतरी म्हटलं. त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी तिची मालकीण आली, "चल गं बाई" एवढंच म्हणाली, आणि ती उठून डुलत गेली. विमान चुकलं नाही, पण बाबाचा चेहरा हुबळीच्या विमानतळापर्यंत तसाच राहिला असं तुमची आई सांगते. तुम्ही दोघं मात्र खूश होता.

त्यानंतर स्क्रीनवर तुम्ही माझ्यासमोर बसायचात ते म्हशीसाठी. आजीची तब्येत, आजोबांची बाग, इथला पाऊस, कशालाच तुम्ही दाद देत नव्हतात. म्हशीची गोष्ट काढली की दोघं हजर. धाकटी माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि म्हशीशी मराठीत. "म्हैस, ऊठ. म्हैस, बस. म्हैस, तू घाण आहे." तिचं सगळं मराठी त्या एका जनावरापुरतं होतं. मी आयुष्यभर लोकांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, तेव्हा तक्रार करायला मला फारशी जागा नाही.

मग एके दिवशी धाकटीने विचारलं, "आजी, ही भाषा फक्त तू आणि आजोबाच बोलता का?"

मी म्हटलं, नाही गं, पुष्कळ लोक बोलतात. "मुलंपण?" मुलंपण. तिला ते पटलं नाही. तिच्याशी मराठीत बोलणारे आम्ही दोघेच होतो, आणि दोघांचेही केस पांढरे. तेव्हा मी ठरवलं की ही म्हैस छापायची. घरच्या घरी दोन प्रती काढायच्या नाहीत. इथली मुलं हातात धरतील असं खरंखुरं पुस्तक करायचं आणि तेच तुम्हाला पाठवायचं. मला एवढंच हवं होतं.

रस्त्यात बसलेल्या म्हशीची गोष्ट लिहिली, चित्रंही मी स्वतः काढली. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासात जाऊन शिकले. तिथे मला सगळे "आंटी" म्हणत आणि दर वाक्याला "समजलं का आंटी?" विचारत, जणू माउस चावतो. त्या प्रोग्रॅममध्ये चित्र रंगाने भरत जात नाहीत. आकाराच्या कडेवर बिंदू असतात, प्रत्येक बिंदूला दोन्ही बाजूंनी काड्या. काडी ओढली की रेघ वाकते. बिंदू ओढला की आकारच सरकतो. म्हैस म्हणजे अशा आकारांची चळत: खाली पोट, वर डोकं, मग शिंगं, कान, खूर, शेपूट. मला ती पद्धत फार आवडली. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी आणि चूक कुठे आहे ते बिंदूवर बोट ठेवून सांगता येतं. माझ्या म्हशीची शिंगं मागे वळलेली होती, नीट विंचरून अंबाडा घातल्यासारखी. जबडा बाजूला सरकलेला. शेपटाला झुपका.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची एक बालवाडी आहे. मंडळाने पुस्तक छापायचं मान्य केलं, मजकूर मंजूर केला आणि मग चित्रं बघायला कमिटीची सभा बोलावली. अध्यक्ष निवृत्त वकील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. कार्यवाह सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, ते अजून निवृत्त झाल्यासारखे वागत नाहीत. बाकीचे सभासद पेढ्यांसाठी येतात.

"अक्का, चित्र झकास आहे," अण्णा म्हणाले. "पण म्हैस?"

"म्हैसच आहे, अण्णा."

"तसं नव्हे हो. म्हैस म्हणजे मठ्ठपणा. पालक काय म्हणतील? आमच्या पोराला म्हैस म्हणता?"

"पोराला कोणी म्हटलेलं नाही. म्हशीला म्हटलंय."

हे बोलताना अण्णांच्या गालात धारवाडचा पेढा होता. तो ज्या दुधाचा होतो ते दूध ससे देत नाहीत, पण तो विषय मी तेव्हा काढला नाही.

कार्यवाह म्हणाले, "इंग्रजी शाळांचे फलक बघा की. पांडा असतो, पेंग्विन असतो. एकांनी तर डायनासोर लावलाय."

"मग पेंग्विन करू या," पेढ्यांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं.

"पेंग्विन धारवाडात कुठला हो?" अण्णा म्हणाले. "ससा करा. चपळ, गोरा, नाकीडोळी नीटस."

क्षणभर मला वाटलं, हे कोणाच्या तरी मुलासाठी स्थळ बघताहेत.

मी म्हटलं, "ससाच हवा तर मी नवा काढून देते." ते चालेना. नव्या चित्राला नवी मंजुरी लागते. "हीच बदला की," अण्णा म्हणाले. "कॉम्प्युटरवर काय, बटण दाबलं की झालं."

मग ठराव झाला. कार्यवाहांनी तो उभं राहून सांगितला: शिंगं काढून लांब कान करावेत, रंग पांढरा करावा, पोट आत घ्यावं, डोळे हसरे ठेवावेत. मजकुरात म्हशीच्या जागी ससा घालावा. बाकी मजकूर मंजूर असल्याने त्याला हात लावू नये. सूचक झाले, अनुमोदक झाले.

"आणि शेपूट?" मी विचारलं.

"आयत्या वेळचे विषय संपले, अक्का," कार्यवाह म्हणाले. "आता आभार."

एवढं मात्र खरं की मी विचारलं होतं.

घरी आजोबा म्हणाले, "मागे घे ते पुस्तक. हुबळीच्या कोप्पीकर रोडला छापखान्यात जाऊन आपण आपली म्हैस छापून आणू. कोण अडवतंय?"

"मग ते पुस्तक आपल्या दोघांचंच झालं," मी म्हटलं. "तिने विचारलंय, मुलंपण वाचतात का."

आजोबा हरले की चहा ठेवतात. त्यांनी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हैस उघडली. आधी मूळ फाइल वेगळी ठेवली, मग कामाला लागले. शिंगाच्या टोकाचा बिंदू धरला आणि सरळ वर ओढला. अंबाडा सुटला. टोक बोथट केलं, काड्या लांबवल्या, त्याच आकाराची छोटी नक्कल करून आत गुलाबी ठेवली, की झाला कान. दुसऱ्या शिंगाचंही तेच. बिंदू तेच होते, नुसते ओढून ताणून वेगळे केलेले. म्हशीचे मूळचे कान शिंगांखाली होते, ते या नव्या कानांच्या मागे झाकून गेले, पण आहेत. शोधा, सापडतील.

रंग एका क्लिकमध्ये गेला. एवढ्यासाठी माणसं जन्मभर तोंडाला क्रीम फासतात. पोटाचे बिंदू आत ओढले, तर खालून चार जाड पाय उघडे पडले, लग्नात कोट आखूड झालेल्या माणसासारखे. डोळ्यांच्या खालच्या पापण्या वर उचलल्या. ते हसू लागले, फोटोग्राफरने "हसा" म्हटल्यावर हसतात तसे.

मग मी शेपटावर क्लिक केलं. झुपक्याचे सगळे बिंदू उजळले. एक कळ दाबली असती तर गेलं असतं. दुसरी दाबली असती तर सशाचा कापसाचा गोळा झाला असता. पण मी शिस्तीची बाई आहे. मंडळाचा ठराव मी ओलांडत नाही. ठरावात शेपूट नव्हतं, खूर नव्हते, जबडाही नव्हता. मी फाइल बंद केली.

आजोबांनी चष्मा लावून पाहिलं. "हा ससा रवंथ करतोय."

"रवंथ थांबवा असं कोणी म्हटलेलं नाही."

छापखान्याच्या मालकांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. "अक्कारे, इदु मोलानो, एम्मीनो?" हा ससा की म्हैस?

"कमिटी," मी म्हटलं. ते समजले आणि छापायला घेतलं.

छापण्याआधी कमिटीने पाहिलं नाही का, असं थोरला विचारेल. पाहिलं. कार्यवाहांनी ठरावातला एकेक मुद्दा ताडला. कान आहेत, पांढरा आहे, पोट आत आहे, डोळे हसताहेत. सगळं मिळालं, तेव्हा सही केली. मजकूर तर आधीच मंजूर होता, आणि मंजूर झालेलं पुन्हा वाचायची आमच्याकडे रीत नाही.

प्रकाशन बालवाडीच्या हॉलमध्ये झालं. पुढे मुलं सतरंजीवर, मागे त्यांचे आईबाप खुर्च्यांवर, स्टेजवर कमिटी हारांसकट. अण्णांनी चपळपणावर भाषण केलं. ते लांबलं. मग वाचायला मला उभं केलं.

मी जसं छापलं होतं तसं वाचलं. ससा रस्त्यात बसला. बस थांबली. स्कूटर थांबली. गाडीतला एक माणूस फाइव्ह मिनिट्स म्हणून ओरडला. सशाने एक कान हलवला. सशाला दहा जणांनी ढकललं, ससा हलला नाही. इथपर्यंत हॉल बुचकळ्यात होता. मग मालकीण आली, "चल गं बाई" म्हणाली, ससा उठला, शेपटाने माश्या उडवत डुलत घरी गेला आणि त्याने बादलीभर दूध दिलं.

मागून एका मुलाची आई, घरी म्हशी असलेली, शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडं असला एक ससा असता तर बरं झालं असतं की! चारा तरी कमी लागला असता." मग सगळेच हसले. मुलं ओरडायला लागली, "परत! परत!" मी परत वाचलं.

खाली बसले तेव्हा अण्णा हाराआडून कुजबुजले, "अक्का, ससा दूध देतो?"

"तुमच्या ठरावाने बंद केलं नाही, अण्णा."

"तुम्ही सांगायचं तरी!"

"आयत्या वेळचे विषय संपले होते."

त्यांनी कार्यवाहांकडे पाहिलं. कार्यवाहांनी स्टेजवरच्या फुलांकडे पाहिलं.

पुढच्या सभेत ठराव झाला: दुसऱ्या आवृत्तीत सशाचं शेपूट आखूड करावं आणि दूध वगळावं. या वेळी मी अनुमोदन दिलं. मंडळाच्या कपाटात पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या मी सून म्हणून या गावात आले तेव्हापासून आहेत. दुसरी आवृत्ती मी कशाचीच पाहिलेली नाही.

शिंगं गेली, त्याचं मला वाईट वाटतं. तीच सगळ्यात चांगली जमली होती, आणि ती तुमच्या हातातल्या पुस्तकात नाहीत. अण्णा अजून रस्त्यात भेटले की म्हणतात, "ससा छान झाला हं, अक्का." मी थँक्यू म्हणते.

परवा मी बालवाडीत गेले होते. तिथल्या प्रतीचं कव्हर फाटलंय, चिकटपट्टी लावली आहे. बाईंनी मुलांना विचारलं, कुठलं पुस्तक वाचू? मुलं म्हणाली, "म्हशीचं." बाईंनी ससा काढला आणि वाचायला सुरुवात केली. कोणी हरकत घेतली नाही.

तेव्हा धाकटे, हो, मुलंपण बोलतात. आणि तुझा परवाचा प्रश्न, सशाच्या शेपटाचा, अख्खा मराठीत होता. तो तू म्हशीला नाही, मला विचारलास.

शिंगं गेली आहेत. शेपूट, खूर, रवंथ आणि दूध शिल्लक आहे.

तुमची आजी