घड्याळ बंद केलेला खेळ

तुमची जीभ एका सकाळी अचानक संपावर गेली, तर तुम्ही काय कराल? प्रभादेवीच्या दमयंतीची गेली. मासळी विकताना अख्खा बाजार दणाणून सोडणारी ही कोळीण, मेंदूत गुठळी झाल्यावर साधं "पाणी" म्हणायलाही अडायला लागली.

सून कीर्तीने तिला मोबाइलवर अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळात बसवलं. समोर गिरगावच्या नलूताई आणि परळचा दिनेश, दोघेही अनोळखी. दमयंतीला शब्द सापडेपर्यंत वेळ संपायचा आणि पाळी हातची जायची. एकदा तिने चिडून फोनच आपटला. मग कीर्तीने त्या दोघांना सासूचा मासळीचा धंदा, तिचा आजार, खरं काय ते सगळं लिहून कळवलं.

लगेच नलूताईंचा व्हॉइस मेसेज आला. "घड्याळ बंद केलंय बाई. आम्हाला कुठं कोर्टाची तारीख आहे? लावा सावकाश."

पाठोपाठ दिनेशचा. "तोवर मी चहा मारतो. पण हरलात तर बोंबील तुमच्याकडून."

लावलेला प्रत्येक शब्द कीर्ती सासूकडून मोठ्याने म्हणवून घ्यायची. असे कित्येक महिने गेले. आज दमयंती पुन्हा बाजारात बसते, गिऱ्हाइकाशी मनसोक्त भांडते आणि त्या दोघांचं नाव निघालं की हात जोडते.

तुमच्या खेळातही समोरचा अडला, तर बाहेर पडू नका. थांबा त्याच्यासाठी.