मावसाजी आणि पूर्णाकाठचा जबडा

जिवंत पाहुण्यापेक्षा मेलेल्या जनावराला जास्त मान देणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या नशिबी आला. माझे मावसाजी खामगावला ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मी कापसाच्या एका जिनात कारकून होतो आणि राहायला मावशीकडे होतो. त्यामुळे हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव काही सांगत नाही. घराच्या मागच्या पडवीत पंचवीस टोपल्या होत्या आणि पंचवीसही हाडांनी भरलेल्या. बैलाची, कोल्ह्याची, वटवाघळाची, घोरपडीची, आणि एक टोपली नुसत्या दातांची. पूर्वी मावशीच्या हळदीकुंकवाला गल्लीभरच्या बायका यायच्या. एकदा एकीने कांदे समजून टोपलीत हात घातला तो माकडाच्या कवटीत गेला, आणि त्या दिवसापासून बायका यायच्या बंद झाल्या. मावशी दरवर्षी एकटीच कुंकू लावून बसायची, आणि ते तिला फार लागायचं.

मटणाच्या पंगतीत मावसाजींच्या शेजारी बसायला कोणी धजत नसे. चार जणांच्या ताटातली चोखलेली हाडं मागून घ्यायची, पत्रावळीवर ओळीने मांडायची आणि बोकडाचा पाय पुन्हा उभा करायचा, हा त्यांचा नेम. एकदा आमच्या व्याह्यांचा हात त्यांनी पंगतीतच धरला, कोपरापासून मनगटापर्यंत चाचपला आणि बोकडाची तंगडी त्याला लावून म्हणाले, "पाहा व्याही, त्याले जे हाड तेच तुमाले. वटवाघळाच्या पंखात हेच, देवमाशाच्या वल्ह्यात हेच. घराणं एक, धंदे निराळे." व्याही बिचारे माळकऱ्यासारखे वर्षभर वरणभातावर राहिले.

बोकडाचं डोकं आणलं की मावसाजी कानामागचं हाड अडकित्त्याने फोडत आणि आतली तांदळाच्या कणीएवढी तीन हाडं तळहातावर घेऊन घरभर दाखवत हिंडत. "हे ऐकाचे हाडं. यातले दोन पयले जबड्याचे होते. घोरपडीच्या जबड्याले मागं सांधा आहे ना, तेच हे. लाखो वर्सं सरकत सरकत कानात येऊन बसले. म्हणून तिच्या खालच्या जबड्यात पाच-सात हाडं, अन आपल्या एका बाजूले एकच." मावशी भाकर थापता थापता म्हणायची, "म्हणूनच तुमचं तोंड चालू असलं की कान बंद असतात."

असं चाललेलं असताना पूर्णेच्या पुराने घात केला. जळगाव जामोदच्या वाटेवर नदीकाठी एक गाव आहे. तिथली दरड कोसळली आणि हातभर लांब, दगड झालेला एक जबडा उघडा पडला. पुढे सुळे, मागे दाढा. आमच्या लोकांना अगम्य काही सापडलं की हात आधी शेंदराच्या डबीकडे जातो. दोन दिवसांत जबड्यावर बोटभर शेंदूर चढला, नारळ फुटले, आणि गावच्या पाटलाने निवाडा दिला की ही मगर आहे, देवीचं वाहन. मावसाजी जाऊन आले. शेंदरातून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं आणि भर पारावर सांगून बसले, "मगर नाही हे. हे जनावर आपल्या लेकराले दूध पाजत होतं."

गाव असं हसलं की विचारू नका. दगडाचा जबडा आणि म्हणे दूध पाजत होता. ती गोष्ट मावसाजींच्या आधी खामगावला पोचली. बाजारात पोरंसोरं त्यांना पाहून भुकेल्या वासरासारखी हंबरायला लागली, आणि मावशीचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. तिने देवासमोर दिवा लावून शब्द दिला. "आता आयका माह्यं. ते मगर निघाली तं या पंचवीसही टोपल्या मी माह्या हातानं पूर्णेत टाकीन. अन नाही निघाली तं जन्मात चकार शब्द काढणार नाही." मावसाजी एवढंच म्हणाले, "बरं." त्या आठवड्यात ते जेवले कमी आणि पडवीत बसले जास्त. एकेक हाड धोतराने पुसून पुन्हा टोपलीत ठेवायचे. मला खरंच वाईट वाटलं. वीस वर्षांचा संसार होता तो त्यांचा.

अडचण अशी होती की दाढा शेंदराखाली बुजलेल्या, आणि देवाचा शेंदूर खरवडायची छाती कोणाची? मावसाजींनी युक्ती काढली. पारावर जाऊन हात जोडून म्हणाले, "पाटील, देव नदीतून आला, चिखलानं भरलेला होता. तुम्ही तसाच शेंदूर लावला. आंघोळ घातली का त्याले?" गाव एकमेकांकडे पाहायला लागलं. घातली नव्हती. ही चूक पाटलालाही नाकारता येईना. लगेच चुलवणावर पाणी चढलं, तेल आलं, शिकेकाई आली, आणि मावसाजींनी स्वतः धोतर खोचून देवाला असं न्हाऊ घातलं की शेंदराचा कण उरला नाही.

मग त्यांनी गर्दीतून एका म्हाताऱ्या हेडीला पुढे बोलावलं. हेडी म्हणजे आमच्याकडचा ढोरांचा दलाल. याने सारी हयात बैलबाजारात काढलेली, आणि मावसाजींना हसणाऱ्यांत याचाच आवाज मोठा होता. मावसाजी म्हणाले, "मी बोलत नाही. तू दात पाह्य अन सांग."

बैलाचे दात न पाहता दावं धरणारा हेडी अजून जन्मायचा आहे. म्हाताऱ्याने सवयीने बाही वर केली, जबड्यात बोटं घातली, डोळे मिटले आणि एकेक दाढ चाचपत गेला. हसू हळूहळू ओसरलं.

"मगर नाही हे," तो म्हणाला.

"काऊन बे?" पाटील उठून उभाच राहिला.

"दाढ घासली आहे ना पाटील. पार सपाट झाली. मगर तोडते अन गिळते, तिचे दात सुयासारखे. पडला की दुसरा येते, घासाले येळच कुठं भेटते? हे बसून चावत होतं. गवत खाऊन राह्यलं होतं." मग जबडा उगाच थोपटून म्हणाला, "म्हातारं होतं बापा. बाजारात आलं असतं तं मी घेतलं नसतं."

मावसाजींनी तेव्हा पिशवीतून खऱ्या मगरीचा जुना जबडा काढला. त्यातली जुळवलेली हाडं सुटी करून दाखवली, आणि इकडे या जबड्याची एक बाजू म्हणजे सबंध एकच हाड, कुठे जोड नाही. "बाकीचे गेले कुठं?" त्यांनी विचारलं आणि पाटलाच्या कानाला हलकेच बोट लावलं. "इथं. ज्याचे जबड्यातले हाडं कानात गेले, ते सगळे दूध पाजणारे. मी, तुम्ही, तुमची म्हैस, अन हा तुमचा देव."

मग हेडीने पागोटं काढून मावसाजींच्या डोक्यावर ठेवलं, कोणीतरी डफडं आणलं, आणि मावसाजींची बैलगाडी वाजतगाजत गावाबाहेर निघाली. पुढे नागपूरच्या एका जाणत्या साहेबाला त्यांनी जबड्याचं चित्र काढून पाठवलं. उत्तर आलं की हा पाणघोडा, आता फक्त आफ्रिकेत उरलेला. पूर्णेत पाणघोडे डुंबत होते म्हटल्यावर पाटलाचीच छाती फुगली. देव गावातच राहिला, पण दरसाल त्याला आंघोळ घालायचा मान मावसाजींचा ठरला.

मावशीने शब्द पाळला. चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी बुरुडाकडून एक नवी टोपली आणवली आणि काही न बोलता पंचविसावीच्या शेजारी ठेवून दिली. आणि खरं सांगतो, पुढच्या संक्रांतीला चार बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांना मावसाजींच्या तोंडून पाणघोड्याची गोष्ट ऐकायची होती.

ती सव्विसावी टोपली भरायच्या आत मावसाजी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून अस्थी न्यायचं माझ्याकडे आलं. बायकांनी यायचं नसतं असं चार जण म्हणाले, तरी मावशी गाडीत येऊन बसली आणि गाडी त्याच गावाकडे घ्यायला सांगितली. मी मडकं घेऊन पाण्यात उतरलो, तशी ती काठावरून म्हणाली, "धारेत नको सोडू रे. तिथं दरडीखालच्या गाळात ठेव, जबडा निघाला होता तिथं." मी वळून पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती.

"वाहून गेले तं कोणाले सापडतीन कसे?"

मी पाण्याबाहेर येऊन मडकं दरडीखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी गाळ उकरायला लागलो.