एकाच वायरची दोन टोकं

या पेजवर मी आले होते ती वाद घालायला. खरंच. इथले भुताखेतांचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर द्यायचं... याला स्वप्न पडलं असेल, हिला ताप असेल, हा तर सरळ फेकतोय. कमेंट कधी केली नाही, तेवढी हिंमत नाही. पण विश्वास? शून्य. माझं शिक्षण इलेक्ट्रिकलचं. करंटला जायला रस्ता लागतो आणि परत यायलाही लागतो, एवढं साफ जग मला आवडतं. त्यामुळे आज मी घाबरून वगैरे लिहीत नाहीये. मला राग आलाय, आणि तो उतरत नाहीये, म्हणून लिहितेय. शाळा इंग्लिश मीडियम होती, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी दादरला राहते. बांधकामाच्या मोठ्या मशिन्सची सर्व्हिस करणाऱ्या एका डीलरकडे नोकरी करते. मशीन बिघडलं की आधी मेकॅनिक जातो. त्याला काही सापडलं नाही आणि वायरिंगचा संशय आला की सर्किट डायग्राम घेऊन मी जाते. साइटवर लोक मला बघतात आणि मग माझ्या मागे बघतात — इंजिनिअर कुठाय म्हणून. त्याची आता सवय झालीय.

साइट लालबागची. चिंचपोकळी स्टेशनवरून चालत जाता येतं. जुनी चाळ पाडून टॉवर होणार, त्याच्या बेसमेंटची खोदाई चालू होती. तीन बाजूंना पत्रे, चौथ्या बाजूला शेजारच्या चाळीची मागची भिंत, वर गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. भर दुपार. कुठेही काळोख नाही, कुत्रं रडत नव्हतं, काही नाही.

मशीन म्हणजे आपण ज्याला सरसकट पोकलेन म्हणतो ते. तक्रार अशी की काम करता करता अचानक बूम, म्हणजे पुढचा लांब हात, जागच्या जागी थांबतो. इंजिन चालू, पण बकेट हलत नाही. थोड्या वेळाने पुन्हा सगळं ठीक.

साइट इन्चार्ज शिर्के पत्र्याच्या ऑफिसातून बाहेर आले आणि मी बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाले, "मॅडम, सिंपल आहे. मशीन ओके आहे, आदमी कामचोर आहे. लाल लिव्हर उचलतो आणि आराम करतो. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, मी आजच दुसरा ऑपरेटर मागवतो."

लाल लिव्हर म्हणजे सेफ्टी लिव्हर. ऑपरेटर उतरताना तो वर उचलतो, म्हणजे चुकून जॉयस्टिकला धक्का लागला तरी मशीन हलत नाही. लिव्हर खाली असला की एका कॉइलला करंट जातो, ती तेलाचा रस्ता उघडते. वर केला की करंट बंद, तेल बंद.

तो 'आदमी' तिथेच उभा होता. सावंत काका. मालवणकडचे, वडील इथल्याच मिलमध्ये होते, स्वतः अर्धं आयुष्य मशीनवर. शिर्के त्यांच्यासमोरच हे बोलत होते, जणू त्यांना ऐकूच येत नाही.

शिर्के लांब गेल्यावर काका हळूच म्हणाले, "बाय, मी लिव्हराक हात लावूक नाय. तू काय तां बघ नीट. एकदा रिपोर्टात ऑपरेटरची चूक म्हणान लागली, की दुसरीकडे माका कोण घेतलो?"

एवढंच. विनवणी नाही, रडणं नाही. मी मान हलवली. मला पटकन बोलता येत नाही.

डायग्राम बॉनेटवर पसरला. शिर्के परत आले, चष्मा लावून वाकले, आणि एका जागी बोट ठेवून ओरडले, "अरे हे बघा, इथे वायर तुटलेलीच दाखवलीय!" मी सांगितलं की तो लिव्हरचा स्विच आहे, तुटलेली वायर नाही. डायग्राम नेहमी चावी बंद असतानाचा काढतात, त्यात मशीन झोपलेलंच असतं. "हां हां, मला माहितीये, तुमची टेस्ट घेत होतो. हे मशीन चालवायचं लायसन्स आहे माझ्याकडे," शिर्के म्हणाले. काका दुसरीकडे बघून हसले.

मग काकांनी मला एक गोष्ट सांगितली जी मेकॅनिकला कोणी सांगितलीच नव्हती, कारण त्याने कोणाला विचारलं नव्हतं. मशीन वाटेल तिथे बंद पडत नव्हतं. फक्त भिंतीकडच्या कोपऱ्याकडे तोंड केलं की पडायचं.

मला बरं वाटलं. वळताना पडतं म्हणजे कुठेतरी वायर घासतेय, ताणली जातेय. पण डायग्राम पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं... केबिन, इंजिन, बॅटरी, ती कॉइल, सगळं वरच्या भागात असतं आणि एकत्र फिरतं. खाली, चाकांच्या जागी असलेल्या चेनकडे, तेलाच्या नळ्या जातात, वायर एकही जात नाही. म्हणजे मशीनचं तोंड कोणीकडे आहे हे वायरिंगला कळायचा मार्गच नाही! तरी काकांना सांगून मशीन प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. गोल फिरवलं. उत्तम चाललं. परत आणलं, या वेळी चेन उलट्या दिशेला ठेवून, म्हणजे कोपऱ्याकडे वळायला दुसऱ्या बाजूने फिरावं लागेल. फिरलं... आणि कोपऱ्यासमोर थांबलं.

"बघा, उचलला लिव्हर," खालून शिर्के.

मी केबिनमध्येच सीटच्या मागे उभी होते. लिव्हर खाली होता. मी डोळ्यांनी बघत होते.

मग मी लिव्हरचा प्रश्नच मिटवला. सगळ्यांना लांब उभं केलं, बॅटरीपासून थेट त्या कॉइलपर्यंत माझी स्वतःची नवी वायर टाकली. मधे फक्त एक फ्यूज. स्विच नाही, लिव्हर नाही. वायरच्या बॅटरीकडच्या टोकाला एक टेस्ट लॅम्प जोडला, कॉइलकडच्या टोकाला दुसरा, आणि दोन्ही लॅम्प पुढच्या काचेला टेपने चिकटवले. (कमेंटमध्ये "अर्थिंग बघितलं का" लिहू नका. दोन्हींचं अर्थिंग एकाच बोल्टवर होतं.)

दोन्ही लॅम्प लागलेले. काका सावकाश फिरवत गेले. रस्त्याकडची बाजू, ऑफिस, गेट, दोन्ही लागलेले. भिंत. कोपरा.

दुसरा लॅम्प विझला. बूम थांबला. पहिला लख्ख चालू.

एकच वायर. एका टोकाला करंट आहे, दुसऱ्या टोकाला नाही. काकांनी जॉयस्टिकवरचे दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "बघ बाय." बूम हलत नव्हता, पण वजनाने का कशाने मशीन थोडंसं मागे सरकलं, कोपरा सुटला आणि दुसरा लॅम्प परत लागला. मी ती वायर काढून हातात घेतली, मीटर लावला. बीप. अखंड. दुसरी, रिळावरून नवी कापून टाकली. तेच. फ्यूज शाबूत. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती, पण मला इतका अपमान झाल्यासारखं वाटलं! असं होत नाही. असं करता येत नाही!

शिर्केंना वर बोलावून दाखवलं. त्यांचा रंग उतरला. मला वाटलं, आता काकांना सॉरी म्हणतील.

म्हणाले काय माहितीये? "मग जागेचंच काहीतरी आहे... काय रे सावंत, तू कोकणातला ना? खोदाई सुरू करताना जागेच्या देवाला गाऱ्हाणं घातलंस का नीट? तूच काहीतरी चुकला असशील. म्हणून तुझ्याच हातात बंद पडतंय."

ऐका म्हणजे. पाच मिनिटांपूर्वी मशीन ठीक होतं म्हणून चूक सावंतांची. आता भूत आहे म्हणून चूक सावंतांची! मध्ये सगळं विज्ञान उलटंपालटं झालं, पण यांचा आरोपी हलला नाही.

काका खाली बघत राहिले. आणि मी, जी ऑफिसमध्ये चहा नको हेसुद्धा मानेने सांगते, ती म्हणाले, "शिर्के साहेब, तुम्ही चालवा."

"मी?"

"लायसन्स आहे म्हणालात ना मघाशी. या. बसा."

बसले. कोपऱ्यासमोर दुसरा लॅम्प विझला. बूम थांबला. "तुमचं गाऱ्हाणं राहिलं असेल," मी म्हणाले. काकांना हसू आवरेना, ते खोकल्यावर नेलं त्यांनी.

संध्याकाळी सरांचा फोन. माझे सर्व्हिस मॅनेजर. "अगं, कारण सापडलं नाही असं कस्टमरला कळवतात का? ऑपरेटर एरर टाक आणि सोड. नेहमी तेच टाकतो आपण."

"नाही टाकणार, सर."

"काय?"

"कारण मला माहीत नाही. पण काकांनी काही केलं नाही हे मी उभं राहून पाहिलंय. तेवढं लिहिणार." आणि लिहिलं तसंच. खाली माझं नाव. त्यानंतर मोठ्या साइटवर मला एकटीला पाठवणं बंद झालं. असो.

पुढे तिथे नारळ फुटला, दुसऱ्या माणसाने गाऱ्हाणं घातलं, मशीन तरीही त्या कोपऱ्यात चाललं नाही. शेवटी तेवढा भाग माणसं लावून हाताने खोदला. आता तुम्ही विहिरीची वाट बघत असाल, किंवा सांगाड्याची, मूर्तीची. काहीही निघालं नाही. माती, विटांचे तुकडे, थोडी फुटकी कौलं. मला त्याचाही राग आला. निदान काहीतरी निघायचं!

तेच मशीन आता कॉटन ग्रीनला एका गोडाऊनच्या साइटवर आहे. चारी दिशांना फिरतं, कुरकुर नाही. त्यावर सावंत काकाच आहेत. रुटीन सर्व्हिसला मेकॅनिकबरोबर गेले होते, तेव्हा त्यांनी डब्यातली घावनं पुढे केली.

मी न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? काय होतं तिथे?"

"माका काय ठाऊक," ते म्हणाले. "पण तू भूत म्हणान लिवलंस नाय, ता बरा केलंस. भुताक कोण कामावरसून काढता? माकाच काढले असते."

लालबागच्या टॉवरचं काम वर आलंय. मध्ये तिथून जाताना गेटवर लावलेला प्लॅन पाहिला. भिंतीकडच्या त्या कोपऱ्यात अख्ख्या बिल्डिंगची मीटर रूम येणार आहे.

माझ्याकडे अजूनही कारण नाही. ती वायर ड्रॉवरमध्ये आहे, अधूनमधून मीटर लावून बघते, प्रत्येक वेळी बीप येतो. एवढं मात्र नक्की, उद्या त्या बिल्डिंगमध्ये दिवे गेले, तर शिर्के आधी वॉचमनला विचारतील, तू काय केलंस.