फोटोत न येणारी सही

आधीच सांगून ठेवतो, मी सौंसरला शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ झाल्या. भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींची मी आजवर टिंगलच केली. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

पांढुर्ण्याच्या एका भंगारवाल्याकडून मी काचेचा पेपरवेट आणला. जड, गोल, आत निळी फुलं. पंख्याखाली उत्तरपत्रिका उडतात, बाकी काही नाही. आईने तो पुसायला उलटा केला आणि खिडकीशी उजेडात धरला. बुडाशी कोरलेली सही होती – इंग्रजी एस, खाली संत्रं, त्याला दोन पानं, त्यातलं एक मोडलेलं.

"हे माह्या सुखदेवचं हाय!"

सुखदेव म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. लोधीखेड्याच्या बागांत संत्र्याच्या पेट्या भरायचा. कोणाची पेटी कोणती ते कळावं म्हणून भरणारे आपापली खूण काढायचे, मामाची खूण हीच. आईच्या लग्नानंतर तो काचेच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून फिरोजाबादला गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. आई अजून वाट बघते.

"हे कोनं बनवलं, एवढं शोधून दे बाबू," ती म्हणाली. "तो जित्ता हाय का नाई, तेवढं तरी समजन."

पेपरवेट जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी फोटो टाकला. उत्तर आलं – सही कुठे आहे? परत काढला. उन्हात, टॉर्च लावून, बायकोच्या मोबाईलवर. कोणीतरी म्हणालं, रेघांत पावडर चोळा. चोळली. डोळ्यांसमोर पांढरीफटक सही, नखाला लागतेय... आणि फोटोत कोरी काच! हाताने काढून पाठवली तर म्हणे, चित्र कोणीही काढेल. एकाने तर मला चष्मा बदलायला सांगितलं. डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी पांढुर्ण्यात स्टुडिओ गाठला. फोटोग्राफरने सही नीट बघितली, मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला, स्क्रीन पाहिली, लेन्स पुसली, पुन्हा काढला.

"सर, मले डोयानं दिसून राहिली ना! मंग याच्यात काऊन येत नाई?"

"तेच विचारायला आलोय," मी खेकसलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

घरी येऊन आईला म्हटलं, सही जाऊ दे, मामाचा जुना फोटो तरी दे. तोच टाकतो ग्रुपवर.

तिने ट्रंकेतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढला. सगळे नातेवाईक दाटीवाटीने उभे, पण आईच्या डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी.

"इथंच उभा होता तो. माह्या खांद्यावर हात ठेवून. फोटोवाल्याशी किती भांडली होती मी!"

मी फोटो उजेडात नेला. आईच्या डाव्या खांद्यावर नवी साडी चुरगळलेली होती. वरून दाबल्यासारखी... चार बोटं मोजता येतील अशी.

सावली असेल, प्रिंट खराब असेल – स्वतःला सगळं सांगून झालं. एकही कारण पटत नाही. आई रोज सकाळी त्या सहीवर अंगठा फिरवते आणि विचारते, "सापडला का रे बनवनारा?" मला नाही म्हणावं लागतं. अशी चीड येते... पण काढू कोणावर?